‘घर वाचवून देतो’ म्हणणारे: अमेरिकेतल्या चॅप्टर १३ मध्ये कर्जदार कसे फसवले जातात

अमेरिकेत राहत्या घराचे हप्ते थकले, तरी साधारण १२० दिवस उलटेपर्यंत मॉर्गेज (गृहकर्ज) सांभाळणाऱ्या कंपनीला फोरक्लोजरचं, म्हणजे घर ताब्यात घेऊन विकण्याचं, पहिलं कायदेशीर पाऊल उचलता येत नाही. ते उचललं गेलं की त्याची नोंद कोर्टात किंवा काउंटीच्या दप्तरात होते आणि ती कोणालाही पाहता येते. अशा नोंदी चाळणं हाच काहींचा धंदा आहे. मग घरी पत्रं येतात, फोन येतात. ‘लिलाव थांबवतो’, ‘घर वाचवतो’, ‘वकिलाच्या निम्म्या पैशात सगळं करतो’. फोनवरचा माणूस हिंदीत किंवा मराठीत बोलणारा निघाला, तर नोकरी गेलेल्या, घाबरलेल्या घराला तो देवासारखा वाटतो.

यात पैसे जातात हे उघडच आहे. पण पैशांपेक्षा मोठं नुकसान वेगळं असतं आणि ते बहुतेकांच्या लक्षात फार उशिरा येतं. अमेरिकी दिवाळखोरी कायद्याने कर्जदाराच्या हातात खरोखर ताकदीचे हक्क दिले आहेत. त्यातला सगळ्यात मोठा हक्क वर्षभरात एकदाच पूर्ण जोराने वापरता येतो. हा माणूस तो तुमच्या नावावर वापरून संपवतो.

आधी ते हक्क काय आहेत ते बघू, कारण ते माहीत नसतात म्हणूनच फसवणाऱ्याचं फावतं. चॅप्टर १३ हा या दिवाळखोरी कायद्यातला, नियमित उत्पन्न असलेल्या व्यक्तीसाठीचा मार्ग आहे. मालमत्ता आपल्याच ताब्यात राहते आणि कोर्टाने मंजूर केलेल्या योजनेप्रमाणे ३ ते ५ वर्षं ट्रस्टीकडे, म्हणजे प्रकरण सांभाळायला नेमलेल्या व्यक्तीकडे, पैसे भरायचे असतात. एप्रिल २०२५ पासून विनातारण कर्ज ५,२६,७०० डॉलरपेक्षा कमी आणि तारण कर्ज १५,८०,१२५ डॉलरपेक्षा कमी असावं लागतं. नागरिकत्वाची अट नाही, म्हणजे एच-वन-बीवर असलेला माणूसही अर्ज करू शकतो. मात्र उत्पन्न हवंच. नवरा-बायको दोघांचीही नोकरी गेली असेल तर योजना मंजूर होणं कठीण. तुमच्या उत्पन्नाबद्दल एकही प्रश्न न विचारता ‘करून टाकू’ म्हणणारा माणूस तिथेच ओळखावा.

अर्ज दाखल झाला की त्या क्षणी कलम ३६२ प्रमाणे ‘ऑटोमॅटिक स्टे’, म्हणजे आपोआप मिळणारी स्थगिती, लागू होतो. घराचा लिलाव, पगारावरची जप्ती, वसुलीचे खटले, फोन, सगळं थांबतं, आणि त्यासाठी न्यायाधीशाच्या सहीची वाट पाहावी लागत नाही. वैयक्तिक किंवा घरखर्चाच्या कर्जावर तुमच्यासोबत सही केलेल्या भावाला किंवा मित्रालाही कलम १३०१ खाली बहुतांशी हेच संरक्षण मिळतं. घराची थकबाकी योजनेच्या मुदतीत वाटून फेडता येते. समजा २४,००० डॉलर थकले आहेत. ६० महिन्यांत महिना ४०० डॉलर, त्यावर ट्रस्टीचं शुल्क, जे १० टक्क्यांपर्यंत असू शकतं. म्हणजे महिना ४४५ च्या आसपास, आणि घराचा चालू हप्ता वेगळा भरत राहायचा. बँकेची मर्जी असो वा नसो, हे करता येतं. पण हा हक्क कायदेशीर लिलावात घर विकलं जाईपर्यंतच आहे. त्यानंतर अर्ज करून फारसा उपयोग नाही.

याशिवाय कोर्टाच्या परवानगीने मालमत्ता विकण्याचा अधिकार या प्रकरणात ट्रस्टीला नसून कर्जदाराला असतो. कोणी वाढवून मागणी केली असेल तर तिच्यावर हरकत घेता येते. पगार घटला तर योजना बदलून मागता येते. प्रकरण चॅप्टर ७ मध्ये (मालमत्ता विकून कर्ज फेडण्याच्या दिवाळखोरीत) वळवता येतं, किंवा ते तिथून वळवून आणलेलं नसेल तर सरळ मागेही घेता येतं. हे दोन हक्क सोडून देत असल्याचं कोणी लिहून घेतलं, तरी कायदा ते मानत नाही.

कायदा काय करू शकत नाही, हेही तितकंच पक्कं लक्षात ठेवा. राहत्या घरावरच्या पहिल्या मॉर्गेजचं मुद्दल चॅप्टर १३ मध्ये कमी होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये नोबेलमन प्रकरणात हे स्पष्ट केलं आहे. गाडीचं कर्ज ९१० दिवसांहून जुनं असेल तर ते गाडीच्या आजच्या किमतीपर्यंत खाली आणता येतं, पण घराचं तसं नाही. ‘अर्धं मुद्दल माफ करून देतो’ हे वाक्य ऐकलं की बोलणं तिथेच थांबवावं.

आता फसवणूक कशी चालते ते. लिलाव चार-पाच दिवसांवर आलेला असतो. माणूस दीड-दोन हजार डॉलर रोख किंवा झेलवर (बँक खात्यातून थेट पैसे पाठवायची सोय) घेतो आणि तुमच्या सह्या घेतो. मग कोर्टात फक्त पहिली काही पानं जातात: मूळ अर्ज, कर्ज देणाऱ्यांची यादी, सोशल सिक्युरिटी नंबरचं निवेदन. घाईच्या वेळी इतकीच पानं देऊन प्रकरण सुरू करणं कायद्याने चालतं, चांगले वकीलही तसं करतात. पण बाकीचे सगळे तक्ते आणि फेडीची योजना १४ दिवसांत द्यावी लागते. हा माणूस ती कधीच देत नाही. अर्जाआधीच्या १८० दिवसांत मान्यताप्राप्त संस्थेकडून घ्यायचं क्रेडिट समुपदेशन तो तुम्हाला घ्यायला लावत नाही. कोर्टाची फी ३१३ डॉलर आहे. ती तुमच्याकडून पूर्ण घेऊन कोर्टात मात्र हप्त्यांनी भरण्याचा अर्ज टाकतो आणि उरलेले पैसे खिशात घालतो.

खरा फास यानंतर आवळतो, कारण लिलाव खरोखरच थांबतो. शेरीफच्या किंवा लिलाव करणाऱ्याच्या यादीतून घराचं नाव निघतं आणि कुटुंबाचा त्या माणसावर पूर्ण विश्वास बसतो. आता तो ‘योजनेचा हप्ता’ म्हणून दरमहा पैसे मागतो, स्वतःच्या खात्यात. खरा हप्ता अर्जापासून ३० दिवसांच्या आत सुरू करून चॅप्टर १३ च्या ट्रस्टीला द्यायचा असतो, दुसऱ्या कोणालाही नाही. कोर्टाकडून कागद अपुरे असल्याच्या नोटिसा येतात. ‘हे नेहमीचंच असतं, मी बघतो’ असं तो सांगतो, किंवा अर्जात पत्ताच स्वतःचा घातलेला असतो. अर्जानंतर २१ ते ५० दिवसांत ट्रस्टीपुढे कलम ३४१ ची बैठक असते. तिथे शपथेवर उत्तरं द्यावी लागतात आणि कर्जदाराला हजर राहणं सक्तीचं असतं. ‘जायची गरज नाही’ असं सांगितलं जातं. काही आठवड्यांत प्रकरण फेटाळलं जातं, लिलावाची नवी तारीख पडते, आणि हाच माणूस पुन्हा पैसे घेऊन दुसरा अर्ज टाकायला तयार असतो.

इथे हक्क कसा जळून जातो ते पाहा. मागच्या वर्षभरात एक प्रकरण फेटाळलेलं असेल, तर नव्या अर्जाचा स्टे ३० दिवसांनी संपतो. तो वाढवून हवा असेल तर त्यासाठी अर्ज करून, त्याची सुनावणीही त्या ३० दिवसांतच पूर्ण व्हावी लागते. वर्षभरात दोन प्रकरणं फेटाळली गेली असतील तर तिसऱ्या अर्जावर स्टे आपोआप लागतच नाही. कोर्टाचे हुकूम जाणूनबुजून मोडले असा ठपका आला, किंवा बँकेने स्टे उठवण्याची मागणी केल्यावर तुम्ही प्रकरण मागे घेतलं, तर १८० दिवस नवा अर्जच करता येत नाही.

त्यातही एक बारीक कलम कर्जदाराला फार महागात पडतं. कागद न दिल्यामुळे पहिलं प्रकरण गेलं असेल, तर दुसरा अर्ज सद्हेतूने केलेला नाही असं कायदा गृहीत धरतो. निव्वळ नजरचूक किंवा हलगर्जी हे कारण चालत नाही. अपवाद एकच: ती हलगर्जी कर्जदाराच्या वकिलाची असेल तर. कागद भरून देणारा माणूस वकील नसतो, त्यामुळे त्याने घातलेल्या घोळाला हा अपवाद लागू होत नाही. वकिलाच्या फीमध्ये वाचवलेल्या पैशांची खरी किंमत ही आहे.

दुसरा प्रकार याहून वाईट. ‘तुमच्या नावावर दिवाळखोरी लागणार नाही’ असं सांगून घराचा पाच-दहा टक्के हिस्सा एका अनोळखी माणसाच्या नावे करून घेतात. त्या माणसाचं दिवाळखोरीचं प्रकरण कुठल्यातरी दुसऱ्या कोर्टात चालू असतं, आणि त्याच्या स्टेचा आधार दाखवून तुमच्या घराचा लिलाव थांबवला जातो. त्या माणसाला कित्येकदा याचा पत्ताही नसतो. बँकेने हे कोर्टाला दाखवून दिलं, की कोर्ट थेट त्या घराला लागू होणारा हुकूम देऊ शकतं. तो जमिनीच्या दप्तरात नोंदला की २ वर्षं कोणाच्याही अर्जाने त्या घराला स्टे मिळत नाही. परिस्थिती बदलल्याचं पटवून सूट मागता येते, पण ती मिळवणं अवघड असतं. शिवाय त्या हस्तांतरावर तुमची सही असते.

आपल्या लोकांसाठी खास धोक्याचा सल्ला म्हणजे ‘भारतातलं काही दाखवू नका, इथे कोणाला कळतंय’. कायद्याचे शब्द आहेत: मालमत्ता कुठेही असो, कोणाच्याही ताब्यात असो. पुण्यातला फ्लॅट, एनआरई-एनआरओ खाती, मुदत ठेवी, विमा पॉलिसी, पीपीएफ, सोनं, गावच्या सातबाऱ्यावरचा हिस्सा, सगळं तक्त्यांत यावं लागतं. ते दाखवलं म्हणून ते लगेच जात नाही. चॅप्टर १३ मध्ये हिशेब असा असतो की चॅप्टर ७ मध्ये ती मालमत्ता विकून विनातारण कर्जवाल्यांना जितकं मिळालं असतं, किमान तितकं योजनेतून मिळालं पाहिजे. म्हणजे हप्ता वाढेल. काहींना तो परवडणार नाही आणि मग हा मार्गच त्यांच्यासाठी नाही, हे आधी कळलेलं बरं. लपवणं मात्र संघराज्याचा गुन्हा आहे: ५ वर्षांपर्यंत कैद आणि २,५०,००० डॉलरपर्यंत दंड. ग्रीन कार्डाच्या रांगेत असलेल्याला फसवणुकीची शिक्षा लागली तर त्याचे परिणाम कर्जापुरते राहत नाहीत. एखादी गोष्ट खरोखर राहून गेली असेल तर प्रकरण बंद होईपर्यंत तक्ते दुरुस्त करता येतात. ती दुरुस्ती कोणी विचारण्याआधी करावी. मेहुण्याचे किंवा आईवडिलांचे उसने पैसे अर्जाआधीच्या वर्षभरात परत केले असतील, तर तेही लिहावं लागतं.

कर्ज ‘सेटल’ करून देणाऱ्या कंपन्यांबद्दल थोडक्यात. फोनवरून गाठून असा सौदा विकणाऱ्यांनी एखादं कर्ज प्रत्यक्ष मिटवण्याआधी फी घेण्यावर ऑक्टोबर २०१० पासून बंदी आहे. मॉर्गेज मदतीच्या नावाखाली आगाऊ पैसे घेण्यावरही, वकिलांचा मर्यादित अपवाद सोडला तर, बंदी आहे. सेटलमेंटमध्ये माफ झालेली रक्कम सहसा करपात्र उत्पन्न धरली जाते, दिवाळखोरीत माफ झालेली नाही. हा फरक ते सांगत नाहीत.

पैसे देण्याआधी पाहायच्या गोष्टी फार नाहीत. समोरचा वकील असल्याचं सांगत असेल तर त्याचं नाव राज्याच्या वकिलांच्या सार्वजनिक नोंदीत शोधा आणि त्याच्याशी प्रत्यक्ष बोला, कारकुनाशी नव्हे. वकील नसेल तर तो फक्त तुम्ही सांगितलेली माहिती फॉर्ममध्ये टंकून देऊ शकतो. कुठला चॅप्टर निवडावा, काय दाखवावं, हे सांगण्याचा त्याला अधिकार नाही. कोर्टाची फी तो स्वतःकडे घेऊ शकत नाही. प्रत्येक कागदावर त्याची सही, नाव आणि पत्ता असावाच लागतो, आणि फॉर्म ११९ वर (कागद भरून देणाऱ्याच्या निवेदनावर) तुमची व त्याची सही लागते. ‘माझं नाव कुठे घालू नका’ म्हणणारा माणूस त्या एका वाक्यानेच, अशा कागद भरून देणाऱ्यांसाठी असलेलं दिवाळखोरी कायद्याचं कलम ११० मोडत असतो. चॅप्टर १३ मध्ये वकिलाच्या फीचा मोठा भाग बहुतेक ठिकाणी योजनेच्या हप्त्यांतून देता येतो. ‘वकील परवडत नाही’ असं ठरवण्याआधी हे नक्की विचारा.

फसवणूक झाल्याचा संशय आला असेल तर पहिलं काम त्या माणसाला फोन करण्याचं नाही. दिवाळखोरी कोर्टाच्या क्लार्ककडे किंवा संघराज्य कोर्टांच्या पेसर या संकेतस्थळावर तुमच्या नावाची सगळी प्रकरणं शोधा. पेसरवर पानाला १० सेंट पडतात आणि तिमाहीत ३० डॉलरपर्यंतचा वापर माफ असतो. डॉकेटमध्ये (प्रकरणाच्या नोंदवहीत) तीन गोष्टी पाहा: अर्जाची तारीख, काय द्यायचं राहिलं आहे, आणि फेटाळलं असेल तर कोणत्या कारणाने व १८० दिवसांच्या बंदीसह की बंदीशिवाय. १४ दिवस उलटले नसतील तर मुदतवाढ मागून प्रकरण अजून सावरता येतं आणि पहिला स्टे शाबूत राहतो, म्हणून त्याच दिवशी वकील गाठा. दुसरा अर्ज करायचा असेल तर स्टे वाढवण्याची मागणी अर्जासोबतच तयार ठेवा. झेलच्या पावत्या, व्हॉट्सॲपवरचे संदेश, त्याने दिलेले ‘हप्त्याचे’ हिशेब, काहीही पुसू नका. सद्हेतू नाही हे गृहीतक खोडून काढायला हेच पुरावे लागतात. काउंटीच्या दप्तरात घराच्या नावावर आणखी कोणी चढलं आहे का, तेही तपासा.

तक्रार न्याय विभागाच्या यूएस ट्रस्टी कार्यालयात करावी. नॉर्थ कॅरोलायना आणि अलाबामात हे काम बँकरप्सी ॲडमिनिस्ट्रेटर पाहतो. कोर्ट त्या माणसाला घेतलेली फी परत करायला लावू शकतं. प्रत्येक उल्लंघनाला ५०० डॉलरपर्यंत दंड होतो, आणि मालमत्ता लपवायला सांगितली असेल किंवा आपण दिवाळखोरीचा अर्ज करतो आहोत हेच तुम्हाला कळू दिलं नसेल तर तिप्पट. कर्जदाराने मागणी केली तर झालेल्या नुकसानाखेरीज २,००० डॉलर किंवा दिलेल्या पैशांच्या दुप्पट, यांतली मोठी रक्कम आणि वकिलाचा खर्चही मिळू शकतो. यूएस ट्रस्टीकडे तक्रार करायला फी लागत नाही आणि वकीलही लागत नाही.