भाड्याच्या घराला कार्डवाली चावी की कोडचं कुलूप?

भाड्याने दिलेल्या घराचं कुलूप बदलायचं ठरवलंय आणि कार्डवाली चावी (म्हणजे जिची नक्कल सोबतचं कार्ड दाखवल्याशिवाय करून मिळत नाही अशी साधीच धातूची चावी) घेऊ की कीपॅडचं, आकडे दाबून उघडायचं कुलूप लावू यावर अडलं असेल, तर मी दोन्ही वापरलीयेत, एका घराला हे आणि दुसऱ्याला ते, त्यामुळे जे अनुभवलं तेवढं सांगतो. खोक्यावर छापलेली माहिती तुम्ही वाचलेलीच असणार, ती सोडतो.

आधी साध्या कुलपाचं बोलून घेऊ. घर खाली करताना भाडेकरू दोन चाव्या हातात ठेवतो, पण मधल्या काळात किती निघाल्या हे त्यालाही नीट आठवत नसतं, एक भावाकडे, एक शेजाऱ्यांकडे, एक हरवली म्हणून पुन्हा बनवून घेतली. त्याच्या मनात काही वाईट असतं असं अजिबात नाही. आणि चावीवर 'डुप्लिकेट करू नये' कोरून घेतलंत तरी उपयोग नाही, कोरी, म्हणजे अजून खाचा न पाडलेली चावी सहज मिळत असेल तर त्या अक्षरांमागे अडवणारं काहीच नसतं.

कार्डवाल्या चावीत नियंत्रण असतं ते कोऱ्या चावीवर. चावीच्या आकाराचं पेटंट कंपनीकडे, कोऱ्या चाव्या फक्त ठरलेल्या विक्रेत्यांकडे, आणि ते कार्ड बघून, सही घेऊन मगच चावी कापून देतात. म्हणजे तुम्ही मागवल्या तेवढ्याच चाव्या, आणि ताबा परत घेताना चाव्या मोजण्याला खरंच अर्थ येतो. फक्त घेताना एक जरूर विचारा, पेटंट कधी संपतंय. पेटंट साधारण अर्ज केल्यापासून 20 वर्षांचं असतं, ते संपलं की तशा कोऱ्या चाव्या दुसरं कोणीही बनवू शकतं, आणि चावीचे काही आकार बाजारात इतकी वर्षं आहेत की थोडाच काळ उरलेला असतो. शक्य असेल तर चावीच्या पात्यात बारीकसा हलणारा तुकडा असलेलं मॉडेल बघा, नुसता साचा घेऊन तशी चावी ओतता येत नाही. हे जरा जास्तच वाटेल, पण 2008 साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगोतल्या संशोधकांनी जवळपास 60 मीटरवरून काढलेल्या फोटोतून साध्या चावीच्या खाचा वाचून दाखवल्या होत्या, आणि नव्या घराच्या चावीचा फोटो तर लोक हौसेने टाकतात.

याचा त्रास म्हणाल तर आहे. तिसरी चावी हवी असली की भाडेकरूला माझ्याकडेच यावं लागतं, मग विक्रेता, मग थांबणं, आणि कार्ड जपून ठेवायचं ते वेगळंच. पण खरं सांगू का, चावी मागायला माझ्यापर्यंत यावं लागतं याच्यासाठीच तर मी ते कुलूप घेतलं.

कीपॅडचं कौतुकही मनापासून करतो. माणूस गेला, कोड काढून टाकला, विषय संपला. ज्याला त्याला वेगळा कोड, हवं तर ठरावीक वेळेपुरता, आणि दार कधी उघडलं त्याची नोंद. सतत नवीन माणसं येत-जात असतील, दोन-तीन दिवसांचे पाहुणे असतील तर फार विचार करू नका, हेच घ्या. बॅटरीची लोकांना भीती वाटते तेवढा त्रास मला झाला नाही, भाडेकरू बदलला की सगळे सेल बदलायचे, आणि बऱ्याच मॉडेलना बाहेरून 9 व्होल्टची बॅटरी टेकवून दार उघडायची सोय असते. बटणांवर मात्र लक्ष ठेवा. महिनोन्महिने तोच कोड दाबला की चार आकडे घासून पुसट होतात, आणि चार वेगवेगळे आकडे कळले की 10,000 पैकी उरतात फक्त 24 शक्यता. कोड बदलत राहिलात तर हे टळतं.

माझं मन फिरलं ते वेगळ्याच गोष्टीने. घरात नळाचं काम निघालं, भाडेकरूशी बोलून मी कारागिराला घेऊन गेलो, दारापाशी पोचलो, मी खिशातून फोन काढून कोड बघतोय तोवर त्याने चार बटणं दाबून दार उघडलंसुद्धा. आधी कधीतरी तो भाडेकरूच्या कामासाठी आला होता, भाडेकरू ऑफिसात अडकला होता, त्याने फोनवर कोड सांगितला. सरळ माणूस, चांगला कारागीर, कोणाचंच काही चुकलं नव्हतं. पण नोंदीत प्रत्येक वेळी नाव भाडेकरूचंच येणार. वेगळा कोड बनवायची सोय होती की, पण कामाच्या गडबडीत ॲप उघडून ते कोण करत बसतो, माणूस आपलाच कोड सांगून मोकळा होतो, आणि एका मेसेजमधून तो किती जणांकडे गेला हे कळायला मार्ग नाही. चावीच्या नकला आवरायला म्हणून जे आणलं त्याचीच नक्कल सगळ्यात सोपी निघाली, हे मला काही केल्या पटेना. शिवाय भाडेकरू कधी येतो, कधी जातो हे माझ्या फोनवर दिसणंही मला बरोबर वाटलं नाही.

तुमचे भाडेकरू कोड सांभाळणारे असतील तर तुमचा अनुभव वेगळा असेल, मान्य आहे. पण वर्ष-दोन वर्षांसाठी घर देत असाल तर मी तरी कार्डवाल्या चावीकडेच झुकेन. चावी हरवली तर काय हा प्रश्न येतोच, त्याला काही सिलिंडरमध्ये, म्हणजे कुलपाच्या चावी घालायच्या भागात, चांगला उपाय आहे, हिरवी, पिवळी, लाल असे चाव्यांचे संच मिळतात, पिवळी घालून फिरवली की हिरव्या चाव्या चालेनाशा होतात, पुढे लालने पिवळ्या. सिलिंडर खोलायलाही लागत नाही.

चार-पाच घरं असतील तर सगळ्यांना चालेल अशी एक मास्टर चावी करायचा मोह होतो, ते शक्यतो टाळा. 2003 मध्ये मॅट ब्लेझ या संशोधकाने दाखवून दिलंय की अशा कुलपांत एका घराची साधी चावी, ते कुलूप आणि थोड्या कोऱ्या चाव्या हाताशी असल्या की मास्टर चावी शोधून काढता येते. कोऱ्या चाव्या मिळणं अवघड असेल तर धोका कमी होतो एवढंच. मी प्रत्येक घराला वेगळं सिलिंडर ठेवलंय, चाव्यांवर क्रमांक कोरून घेतलेत आणि तेच क्रमांक करारात लिहून दोघांच्या सह्या घेतो.