भिंतीतला नेटचा पॉइंट: जॅक की प्लग, कॅट ६ की ६ए, झिरी की पट्टी?

घराचं काम निघालं की विजेचे बोर्ड कुठे हवेत यावर सगळं घर बोलतं. नेटच्या पॉइंटचा विषय बहुतेक वेळा प्लास्टर सुकल्यावर निघतो, आणि तोवर उशीर झालेला असतो. त्यामुळे ज्यांचं काम अजून सुरू व्हायचंय, त्यांच्यासाठी हा आढावा आहे.

वायफाय असताना तार कशाला, हा प्रश्न रास्त आहे. फोन आणि लॅपटॉपसाठी वायफायच बरं. पण टीव्ही, टेबलावरचा कॉम्प्युटर, कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर या जागच्या हलत नसलेल्या वस्तू आहेत. त्या तारेवर गेल्या की वायफायवरची गर्दी तेवढी कमी होते. शिवाय दुसऱ्या खोलीतलं वायफाय चांगलं हवं असेल तर तिथल्या ऍक्सेस पॉइंटपर्यंतसुद्धा (वायफाय सोडणाऱ्या जास्तीच्या डब्यापर्यंत) तारच न्यावी लागते. निवड करताना मी एकच कसोटी लावतो: भिंतीत जे गाडलं जाणार तिथे हात आखडता घ्यायचा नाही, कारण बाहेर दिसणारं सगळं नंतर बदलता येतं.

सगळ्यात जास्त चूक होते ती केबलच्या टोकाशी. भिंतीतून केबल बाहेर काढून तिच्या टोकाला थेट प्लग दाबून बसवायचा (क्रिम्प करायचा), की बॉक्समध्ये जॅक, म्हणजे प्लग खोचायचं सॉकेट, बसवून वर प्लेट लावायची? आमच्या घरी पहिल्यांदा थेट प्लगच लावला होता. झटपट काम झालं, दिसायलाही ठीक होतं. दीडेक वर्षाने कॉम्प्युटरचा वेग १०० मेगाबिटवर अडकला. नेट बंद पडलं नव्हतं, त्यामुळे कितीतरी दिवस आम्ही राउटरलाच दोष देत बसलो. शेवटी प्लग कापला, तर तपकिरी तार बोटांत सुटून आली. झाडताना, टेबल सरकवताना केबल रोज थोडी वाकत होती आणि आतलं तांबं तुटलं होतं. केबलमध्ये आठ तारा, म्हणजे पीळ दिलेल्या चार जोड्या असतात. गिगाबिटला (१००० मेगाबिटला) चारही जोड्या लागतात. १०० मेगाबिट मात्र दोनच जोड्यांवर चालतं, म्हणून एखादी तार तुटली की बऱ्याचदा नेट बंद न पडता गुपचूप मंदावतं. पुढे दोनदा प्लग बदलला आणि भिंतीबाहेर चार बोटं केबल उरली.

कारण साधं आहे. भिंतीतल्या केबलमध्ये प्रत्येक तार म्हणजे तांब्याचा एकच भरीव धागा असतो. तो लांब अंतराला चांगला, पण पुन्हा पुन्हा वाकवणं त्याला सोसत नाही. जॅकपासून यंत्रापर्यंत जाणाऱ्या सुट्या केबलमध्ये, म्हणजे पॅच कॉर्डमध्ये, बारीक धाग्यांचा पीळ असतो, तो हाताळायलाच केलेला असतो. जॅक बसवला की भिंतीतली केबल कायमची स्थिर राहते, झीज पॅच कॉर्ड सोसते आणि ती दोन मिनिटांत बदलता येते. केबलिंगच्या मानकांतही हीच वाटणी धरलेली आहे: भिंतीत ९० मीटरपर्यंत स्थिर केबल, दोन्हीकडच्या कॉर्ड मिळून १० मीटर, एकूण १००. छताजवळचा कॅमेरा एकदा लावला की हलत नाही, तिथे थेट प्लग चालतो. बाकी सगळीकडे जॅकच लावा.

जॅक ठरला की प्लेट निवडायची. एकीत जॅक प्लेटमध्येच पक्का बसवलेला असतो, दुसरीत नुसती चौकोनी खाच असते आणि तिच्यात कीस्टोन नावाचा सुटा जॅक मागून टक् करून बसतो. भिंतीतल्या बॉक्सचे आकार देशोदेशी वेगळे आहेत, पण कीस्टोनची खाच जवळपास सगळीकडे सारखी. आज तिच्यात आरजे ४५, म्हणजे नेटचा नेहमीचा जॅक बसवा, उद्या टीव्हीच्या गोल केबलचा, म्हणजे कोॲक्सचा, किंवा फायबरचा जॅक बसवा, प्लेट तीच राहते. रिकाम्या खाचेला कोरं झाकण लावता येतं. पक्क्या प्लेटमध्ये एक जॅक बिघडला तर अख्खी प्लेट बदलायची. मी डोळे झाकून कीस्टोन घेईन. स्विचबोर्डाशी जुळणारं मॉड्यूल हवं असेल तर ते जरूर घ्या, फक्त आतल्या जॅकवर काय छापलंय ते वाचून घ्या. कॅट ५ई, ६, ६ए हे केबल आणि जॅकचे चढते दर्जे आहेत. केबल कॅट ६ आणि जॅक ५ईचा असेल, तर तो सगळा मार्ग ५ईचाच धरला जातो.

प्लेटपेक्षा बॉक्सची खोली महत्त्वाची, आणि तिकडे कुणी बघत नाही. केबलला तिच्या जाडीच्या निदान चौपट त्रिज्येचं वळण लागतं. कॅट ६ साधारण ६ मिलीमीटर जाड, म्हणजे वळणालाच अडीच सेंटीमीटर गेले, शिवाय जॅकची लांबी. उथळ बॉक्समध्ये प्लेट दाबून स्क्रू आवळला की केबल मागे मोडते. खोल बॉक्स घ्या.

झिरी मारून आतून पाइप न्यायचा की भिंतीवरून पट्टी? राहतं घर असेल, भाड्याचं असेल, तर पट्टी आणि भिंतीवर बसणारा छोटा बॉक्स यात कमीपणा काही नाही. केबल तशीच चालते आणि दुरुस्ती उलट सोपी जाते. भिंत उघडी असेल तर मात्र पाइपच टाका, केबल नुसती प्लास्टरमध्ये पुरू नका. २५ मिलीमीटरचा पाइप घ्या, काटकोनी एल्बोऐवजी लांब वळण द्या, आणि केबल ओढून झाल्यावर आत एक मजबूत दोरी सोडून ठेवा. दहा वर्षांनी फायबर ओढायचं ठरलं तर हीच दोरी भिंत फोडण्यापासून वाचवेल. विजेच्या तारांसाठी वेगळा पाइप आणि वेगळा बॉक्स हवा. ही केवळ सिग्नलच्या गडबडीची गोष्ट नाही, विजेची तार सैल होऊन नेटच्या तारेला टेकली तर माणसाच्या जिवावर बेतू शकतं. दोन्ही मार्ग एकमेकांना ओलांडत असतील तर काटकोनात ओलांडू द्या.

केबलच्या दर्जावर वाद खूप होतो, पण घरापुरतं उत्तर तसं सोपं आहे. कॅट ५ई १०० मीटरपर्यंत १ गिगाबिट नेते आणि २०१६ च्या मानकानुसार २.५ गिगाबिटही. भिंतीत ती आधीपासून असेल तर उपटू नका. कॅट ६ वर चांगल्या परिस्थितीत ५५ मीटरपर्यंत १० गिगाबिट मिळतात, आणि घरात एवढी लांब केबल क्वचितच लागते. कॅट ६ए पूर्ण १०० मीटर १० गिगाबिट देते, पण ती जाड आणि ताठ असते, बॉक्समध्ये वळवताना घाम काढते आणि शील्ड (तारांभोवती धातूचं आवरण) असलेली घेतली तर अर्थिंग नीट करावं लागतं. नवीन घरात मी कॅट ६ टाकेन.

खरी सावधगिरी वेगळीच आहे. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली ‘सीसीए’ केबल कॅट ६ म्हणून विकली जाते, पण ती मानकात बसत नाही. तिचा रोध जास्त, तार ठिसूळ, आणि कॅमेऱ्याला किंवा ऍक्सेस पॉइंटला त्याच केबलमधून वीज द्यायची असेल तर ती जास्त तापते. अशी वीज साध्या मानकात १५.४ वॉट, नव्यात ९० वॉटपर्यंत जाते. एक तार ब्लेडने खरवडून पाहा. आत चंदेरी दिसलं तर बंडल परत करा.

जॅकला तारा बसवताना पंच डाउन टूल (तारा खाचेत दाबून बसवायचं हत्यार) वापरायचं की टूलशिवाय दाबून बंद होणारा जॅक घ्यायचा? दहा-बारा पॉइंट असतील तर टूल घ्या, ते तार दाबून जास्तीचं टोकही कापतं. चार पॉइंट असतील तर टूलशिवायचा जॅक उत्तम, फक्त तो थोडा लांब असतो, पुन्हा बॉक्सची खोली आठवा. दोन्हींत जोडीचा पीळ १३ मिलीमीटरपेक्षा जास्त उलगडायचा नाही. तो पीळच शेजारच्या जोडीचा गोंगाट अडवतो. रंगांचे ए आणि बी असे दोन क्रम जॅकवरच छापलेले असतात. वेगात काही फरक नाही, दोन्ही टोकांना एकच ठेवा.

टीव्हीसाठी जुनी कोॲक्स घरभर असेल तर दोन्ही टोकांना मोका अडॅप्टर (कोॲक्सवरून नेट नेणारे डबे) लावून तिच्यावरूनही नेट नेता येतं, भिंत न फोडता. फोनचे पॉइंट पूर्वी एकाला एक जोडत नेत, नेटला ते चालत नाही. प्रत्येक पॉइंटची केबल थेट एका कपाटापर्यंत यायला हवी, जिथे राउटर आणि नेटचा स्विच (सगळ्या केबल एकत्र जोडणारा डबा) बसेल. टीव्हीमागे आणि कामाच्या टेबलाजवळ दोन-दोन केबल ओढा, पाइप तसाही तोच असतो.

प्लेटचे स्क्रू आवळण्याआधी प्रत्येक केबल तपासा. आठ दिव्यांचा साधा टेस्टर तार तुटली की नाही एवढंच सांगतो. दोन्ही टोकांना रंग सारखेच पण चुकीच्या जोड्यांत लावले असतील, तर आठही दिवे व्यवस्थित लागतात आणि वेग तरीही मिळत नाही. म्हणून खऱ्या यंत्रांवर गिगाबिटचा लिंक मिळतो का तेही बघा आणि एखादी मोठी फाइल पाठवून पाहा. मग केबलवर, प्लेटवर आणि कपाटातल्या टोकावर एकच नंबर लिहा, बॉक्समध्ये वीतभर केबल सैल वळवून ठेवा, आणि मगच प्लेट बसवा.