मुंबईहून हझान बोलावताय? नागपूरकरांसाठी सेवेचा लेखाजोखा

मलिद्यासाठी (पोहे-फळांचं ताट मांडून करायचा ज्यू प्रार्थनाविधी) रब्बी (ज्यू धर्मगुरू) लागत नाही, हझान (प्रार्थना गाऊन चालवणारा) पुरे. बेने इस्राएल (मराठी बोलणाऱ्या ज्यूंच्या) घरांत पिढ्यान् पिढ्या असंच चालत आलंय. पाठांतर, सूर, 'एलियाहू हन्नाबी' या एलियाहू संदेष्ट्याच्या गीताची चाल, यात मुंबईहून हझान पाठवणारी ही सेवा पैकीच्या पैकी. ताटही नीट लावून देतात: अर्धा किलो पोहे नुसते धुऊन निथळायचे (भिजत ठेवले की लगदा), एका नारळाचा चव, साखर, वेलची, भोवती पाच फळं. संत्र्याची बरकत (खाण्याआधीची आशीर्वादाची प्रार्थना) वेगळी, केळ्याची वेगळी; केळं जमिनीचं फळ धरतात, हे न विचारता सांगितलं.

घोळ होतो तो वेळेत. सोबत येतं मुंबईचं कॅलेंडर, आणि नागपूरचा सूर्य सुमारे 25 मिनिटं आधी मावळतो. शब्बाथचे (शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार रात्र, ज्यूंचा विश्रांतीचा दिवस) दिवे शुक्रवारी सूर्यास्ताच्या 18 मिनिटं आधी लावायचे. मुंबईची वेळ पाळली तर इथे सूर्य बुडालेला असतो! नागपूरचा सूर्यास्त आधीच कळवा.

दहा प्रौढ पुरुष जमवणं तुमच्याकडे. नऊ झाले तर कद्दीश (दहा जण असतील तरच म्हणायची प्रार्थना) नाही. परतीचं तिकीट शनिवारी रात्रीचंच काढा, तारे दिसून शब्बाथ संपण्याआधी हझान गाडीत बसणार नाहीत.