नेब्रास्काच्या हंगामाचे भाकीत: एका अ‍ॅपचा दोन वर्षांचा अनुभव

अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलचा हंगाम ऑगस्टच्या अखेरीस सुरू होतो. नेब्रास्का विद्यापीठाच्या चाहत्यांचा हंगाम मात्र त्याच्या दोन महिने आधीच सुरू झालेला असतो. चार माणसे जमली की बारा सामन्यांचे वेळापत्रक समोर येते आणि प्रत्येक ओळीवर बोट ठेवून मोजणी चालते: हा जिंकला, हाही जिंकला, हा अवघड आहे, पण घरच्या मैदानावर आहे म्हणून जिंकला. मोजणी संपते तेव्हा संघाने नऊ-दहा सामने खिशात घातलेले असतात. ज्यांनी १९९४, १९९५ आणि १९९७ ची राष्ट्रीय विजेतेपदे पाहिली आहेत आणि ज्यांच्या लिंकनमधील मेमोरियल स्टेडियमची तिकिटे १९६२ पासून सामन्यागणिक संपत आली आहेत, त्यांनी याहून कमी आशा धरावी असे म्हणणेही जिवावर येते.

गेले दोन हंगाम आमच्या गटाने ही मोजणी त्यासाठीच तयार केलेल्या एका अ‍ॅपवर केली. पुढे काही तक्रारी यायच्या आहेत, म्हणून अ‍ॅपचे नाव घेत नाही. मूळ सोय मोफत आहे आणि काही जादा रकान्यांसाठी वर्षाला २० डॉलर मोजावे लागतात.

अ‍ॅपची खरी करामत अशी की ते ‘जिंकू की हरू’ असे विचारतच नाही. प्रत्येक सामन्यापुढे एक रकाना असतो आणि त्यात विजयाची शक्यता टक्क्यांत भरायची असते. निकाल लागला की दंडगुण ठरतात: ९० टक्के लिहिले आणि संघ हरला, तर ०.९ चा वर्ग, म्हणजे ०.८१, ६० लिहून हरला, तर ०.३६. हंगामाअखेर ज्याचे दंडगुण सर्वांत कमी, तो पहिला. ऐकायला हे रुक्ष वाटते, पण छातीठोकपणे बोलणाऱ्या माणसाला ९० हा आकडा प्रत्यक्ष लिहिताना जो विचार करावा लागतो, तो गप्पांमध्ये कधीच करावा लागत नाही.

माझेच उदाहरण देतो. २०२५ च्या हंगामासाठी मी अ‍ॅक्रनपुढे ९७, सिनसिनाटीपुढे ६२, मिशिगनपुढे ४२, मिनेसोटापुढे ५२, पेन स्टेटपुढे १५ आणि आयोवापुढे ४५ असे आकडे भरले होते. बारांपैकी आठ सामन्यांत माझा आकडा ५० च्या वर होता, म्हणजे बोटाने मोजले असते तर मी ‘आठ’ म्हणून मोकळा झालो असतो. अ‍ॅपने सगळ्या टक्क्यांची बेरीज करून ७.२ दाखवले. संघाने नियमित हंगामात सात सामने जिंकले, आणि माझ्या आठांपैकी निसटला तो मिनेसोटाचाच, २४-६ असा. याच बेरजेमुळे आमच्यातील एका कट्टर चाहत्याचे दरवर्षीचे ‘यंदा बाराच्या बारा’ हे वाक्यही बंद झाले. प्रत्येक सामन्यात ७५ टक्के शक्यता धरली, तरी अपेक्षित विजय नऊ होतात आणि बाराही जिंकण्याची शक्यता जेमतेम ३ टक्के उरते, हे त्याला पडद्यावर दिसले.

आता उणिवा. पहिली उणीव गणिताची आहे आणि माझ्या मते तीच सर्वांत मोठी आहे. अ‍ॅप एकूण विजयांचा जो स्तंभालेख काढते, त्यात बारा सामने एकमेकांशी संबंध नसलेले धरले जातात. प्रत्यक्षात त्यांना जोडणारा धागा फार घट्ट असतो. १ नोव्हेंबर २०२५ रोजी यूएससीविरुद्धच्या सामन्यात आपला क्वार्टरबॅक (चढाई चालवणारा मुख्य खेळाडू) डिलन रायोला याच्या पायाचे हाड मोडले, तेव्हा तो एकच सामना हातचा गेला नाही, पुढच्या तिन्ही सामन्यांचे आकडे एकदम बदलले. नवख्या टीजे लटीफने यूसीएलएविरुद्धचा सामना काढून दिला खरा, पण पेन स्टेटकडून ३७-१० आणि आयोवाकडून ४०-१६ असा मार बसला. एखादा हंगाम पूर्ण कोसळतो किंवा अनपेक्षितपणे फुलतो, तो अशा धाग्यामुळेच. २०२४ मध्ये एपी (असोसिएटेड प्रेस) या वृत्तसंस्थेच्या हंगामापूर्वीच्या क्रमवारीत दहाव्या असलेल्या फ्लोरिडा स्टेटने २-१० (दोन विजय, दहा पराभव) अशी कामगिरी केली, तर बिग ट्वेल्व्ह या सोळा संघांच्या कॉन्फरन्समध्ये, म्हणजे गटात, शेवटचे, म्हणजे सोळावे स्थान मिळेल असे भाकीत ज्याच्याविषयी झाले होते, त्या अ‍ॅरिझोना स्टेटने ती कॉन्फरन्सच जिंकली. अ‍ॅपच्या आलेखात अशी दोन्ही टोके नखाएवढी दिसतात.

दुसरी उणीव म्हणजे ज्यांना स्वतः आकडा सुचत नाही त्यांच्यासाठी अ‍ॅप जो तयार आकडा पुढे करते, तो मागच्या हंगामांच्या निकालांवर फार विसंबून असतो. ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची नोंदयादी, २०१८ मध्ये सुरू झाले आणि २०२१ पासून खेळाडूला एका वर्षाची सक्तीची विश्रांती न घेता विद्यापीठ बदलता येऊ लागले. तेव्हापासून मागच्या वर्षीचा संघ आणि यंदाचा संघ यांत कधीकधी फक्त गणवेश तेवढा समान असतो. २०२४ मध्ये इंडियानाचे तसेच झाले. पत्रकारांच्या भाकितात नेब्रास्काच्याच बिग टेन कॉन्फरन्समधील अठरा संघांमध्ये सतरावा असलेल्या या संघाचे नवे प्रशिक्षक कर्ट सिग्नेटी जेम्स मॅडिसन विद्यापीठातील आपले बरेच खेळाडू बरोबर घेऊन आले होते. अ‍ॅपने नेब्रास्काला ६८ टक्के सुचवले, मी उत्साहाने ७० केले, आणि ५-१ अशा थाटात इंडियानाच्या ब्लूमिंग्टनला गेलेला आपला संघ ५६-७ असा हरून परतला. तेव्हा दंड मला झाला, सुचवणाऱ्याला नाही.

२० डॉलरच्या जादा रकान्यांत गुणांतराचा रकाना आहे आणि नेब्रास्काच्या चाहत्याने तेवढ्यासाठी तरी पैसे भरावेत. २०२१ मध्ये या संघाने ३-९ अशी कामगिरी केली होती, पण नऊही पराभव नऊ किंवा त्याहून कमी गुणांनी झाले होते आणि हंगामभरात संघाने दिलेल्या गुणांपेक्षा मिळवलेले गुण जास्त होते. केवळ जय-पराजय पाहणाऱ्याला तो वाईट संघ वाटेल. गुणांतर पाहणाऱ्याला तो शेवटच्या पाच मिनिटांत गडबडणारा बऱ्यापैकी संघ दिसेल आणि त्याचे पुढचे भाकीत वेगळे होईल. बाकीचे जादा रकाने शोभेचे आहेत.

एवढे असूनही अ‍ॅप घ्यावे, असेच मी सांगेन, मात्र आकडे ऑगस्टमध्ये एकदाच भरून न थांबता दर आठवड्याला बदलणार असाल तर. त्या साप्ताहिक बदलाबाबतच एक तक्रार राहिली. आयोवाविरुद्धचा सामना नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणानंतरच्या शुक्रवारी असतो आणि पहिल्या वर्षी आकडे बदलणे बंद करणारे अ‍ॅपचे कुलूप मात्र सरसकट शनिवारी सकाळी लागत असे. २०२४ मध्ये आयोवाने अगदी शेवटच्या किकवर, ५३ यार्डांवरून, १३-१० असा सामना नेला, म्हणजे आदल्या वर्षीच्याच गुणसंख्येने आणि आदल्या वर्षीसारखाच शेवटच्या फिल्ड गोलवर (खांबांमधून मारलेल्या किकवर). आम्ही सगळे सुन्न बसलो असताना आमच्यातील एकाने रात्री अकराच्या सुमारास शांतपणे आपले ५५ पुसून ५ केले आणि अ‍ॅपने ते मुकाट्याने स्वीकारले. तक्रार केल्यावर महिन्याने साचेबद्ध उत्तर आले. २०२५ पासून शुक्रवारच्या सामन्याचे कुलूप किकऑफलाच, म्हणजे सामना सुरू होतानाच, लागते. तो गृहस्थ २०२४ च्या तक्त्यात अजूनही पहिला आहे.