गंजगोलाईतला घड्याळाचे पट्टे शिवणारा कारागीर: 650 रुपये द्यावेत का?

आधी भाव सांगतो, म्हणजे ज्याला परवडत नाही त्याचा टाइम वाया जायला नको. साधा चामड्याचा पट्टा 650, आतून अस्तर लावलेला 800, नायलॉनचा 250. आता बाहेर हातगाड्यावर 100 ला पट्टा मिळतो आणि ऑनलाइन त्याच्या दुपटीत दोनचा सेट घरी येतो, मग एवढे पैसे कशाला घालायचे, तर तेच लिहायलोय.

जागा लातूरच्या गंजगोलाईत. तिथं 16 रस्ते येऊन मिळतात, त्यामुळं पत्ता सांगणं अवघडच आहे, पण चप्पल-बुटाच्या दुकानांच्या मागं बोळात एक बारका गाळा आहे, पाटी-बिटी काही नाही, दारात फळीवर पट्टे लटकवलेले दिसले की समजायचं. काका आणि त्यांचा पोरगा, दोघंच असतात.

माझं काम बियाणं-खताच्या फिरतीचं. दिवसभर गाडीवर, औसा-निलंगा साइडला, मे महिन्यात पारा 40 च्या वर असतो आणि मनगटावरून घामाची धार चालू. बाजारचा पट्टा अशात टिकतच नाही. ‘जेन्युइन लेदर’ असा शिक्का असला तरी बऱ्याचदा चामड्याचा खालचा थर घेऊन त्यावर प्लास्टिकचा लेप मारलेला असतो, घामानं आणि दमटपणानं तो लेप सुटतो, आधी भेगा पडतात मग पापुद्रे निघायला लागतात. आतमध्ये फुगीर दिसावं म्हणून जे भरलेलं असतं ते ओलं झालं की वास मारतं ते वेगळंच.

काकांचं पहिलं म्हणणं हेच की पट्टा मधून कधी तुटत नसतो. तुटतो तो घड्याळाला जोडणाऱ्या पिनेपाशी, नाहीतर रोजच्या भोकापाशी, आणि या सगळ्याच्या आधी ती शेपूट अडकवायची बारकी लूप जाते. सस्त्या पट्ट्यात पिनेभोवती चामडं गुंडाळून नुसतं चिकटवलेलं असतं. इथं काका टोक रापीनं, म्हणजे चामडं कापायच्या हत्यारानं, तासून तासून पातळ करतात, वळवून मागं आणतात, चिकटवतात आणि वरून पिनेच्या अगदी जवळ आडवी शिवण मारतात. मला एक तयार पट्टा देऊन म्हणले, “ओढा मालक, दम लावून ओढा.” ओढला. पिनच वाकली, शिवण जागची हलली नाही. लूप पण दोन्ही टोकं जोडून शिवलेली, नुसती डिंकावर नाही.

शिवण हाताची आहे, एकच मेण लावलेला दोरा, दोन्ही टोकांना सुया, प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून जातात. मशीनच्या शिवणीत एक टाका तुटला की पुढचे टाके सुटत जातात, इथं एखादा घासून तुटला तरी शेजारचे धरून ठेवतात. काका बोलत बोलत शिवत होते आणि एकदाही खाली बघितलं नाही, मीच घाबरून बघायलो की सुई बोटात जाते का काय.

आता आरामाचं. मी सकाळी गेलो तर म्हणले, “माप दुपारी घेऊ, जेवण करून या.” मला वाटलं टाळायलेत. तर तसं नव्हतं, उन्हात मनगट फुगतं, सकाळच्या मापानं भोकं पाडली की दुपारी पट्टा रुततो आणि लोक मग सैल भोकात टाकून घड्याळ गरागरा फिरवत बसतात. बाजारच्या पट्ट्यात भोकं लांब लांब असतात, एकात घट्ट आणि पुढच्यात ढिला, हे सगळ्यांनाच माहीत आहे. काका माझ्या मापाचं एक भोक मधोमध धरून त्याच्या दोन्ही बाजूला 5-5 मिलिमीटरवर पाडतात, त्यामुळं सकाळी एक घर आत आणि दुपारी एक घर बाहेर असं चालतं. हा एकच मुद्दा मला 650 चा वाटतो, बाकीचं सगळं बोनस.

जाडी पण सगळीकडं सारखी नाही. घड्याळापाशी 4 मिलिमीटरच्या आसपास आणि बकलकडं येईपर्यंत निम्मी, रुंदी 20 वरून 16. बकलच्या जागी पट्ट्याचे थर एकावर एक येतात, तिथंच जाड राहिला तर गाडीचा हँडल धरताना किंवा टेबलावर हात ठेवून लिहिताना टोचतो. बकल स्टीलचं घ्या, पोरगा पितळेवर मुलामा दिलेलं पण दाखवतो आणि ते दिसायला भारी आहे, पण घामानं मुलामा उडाला आणि खाली निकेल असलं, की ज्यांना त्याची ॲलर्जी आहे त्यांना खाज सुटते.

चामडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं आहे, कोल्हापुरीचं असतं त्यातलंच. सुरुवातीला ताठ असतं, हातावर बसायला वेळ लागतो, नंतर ऊन आणि घामानं रंग गडद होत जातो, मला आवडतो. पण खरं सांगायचं तर पाण्याचं आणि याचं जमत नाही. क्रोमनं कमावलेलं चामडं मऊ असतं आणि पाणी जास्त सहन करतं, हे भिजलं की डाग पडतो आणि वाळल्यावर कडक होतं. म्हणून पावसाळ्यात काका स्वतःच म्हणतात की हा काढून ठेवा आणि नायलॉनचा घाला.

तो नायलॉनचा म्हणजे लांब एकच पट्टी, घड्याळाच्या दोन्ही पिनांखालून जाते. ब्रिटिश संरक्षण मंत्रालयानं 1973 साली याचं स्टँडर्ड ठरवलं होतं, त्यात रुंदी 20 मिलिमीटर होती. फायदा असा की एक पिन निसटली तरी दुसऱ्या पिनेवर घड्याळ हातातच राहतं, शेतात फिरणाऱ्याला हे लई कामाचं. रात्री साबणानं धुवून टाका, सकाळी तयार. दिसायला मात्र शाळेच्या दप्तराचा बंद बांधल्यासारखं दिसतं, लग्नात घालू नका.

लग्नासाठी पोरगा हिमरूचं कापड वर लावून पट्टे करायलाय. संभाजीनगरचा हिमरू, सूत आणि रेशीम, दिसतो एकदम झकास. पण रोज घालायचा पट्टा तो नाही, शर्टाच्या बाहीला घासून रेशमाचे धागे निघणारच, मी घेतला नाही.

तक्रारी आहेतच. सांगितलेल्या तारखेला पट्टा मिळाला तर नशीब समजा, “झालाच आहे, फक्त कडा घासायच्यात” हे वाक्य पाठ झालंय मला. रंग दोनच, तपकिरी आणि काळा, आणि काळ्याचा रंग सुरुवातीला पांढऱ्या शर्टाच्या कफला लागतो, बायकोनं त्यावरून चांगलंच ऐकवलं. अस्तरवाल्याचे 150 जास्त देऊ नका, आपल्या उन्हात एक थर जास्त म्हणजे घाम जास्त. आणि ज्या स्मार्टवॉचला खाचेत सरकवायचा पट्टा लागतो त्याचं इथं काही होत नाही, पिनवालं घड्याळ असेल तरच जा.

जाताना पट्टीनं मोजून आकडा सांगू नका, घड्याळच घेऊन जा. जुन्या एचएमटीला बहुतेक 18 मिलिमीटर रुंदीचा लागतो, आजकालच्या मोठ्या डायलला 20 नाहीतर 22, आणि 20 च्या जागी 19 बसवला की दोन्ही बाजूला फट दिसते. पिना नव्या टाकून घ्या, 20 रुपयांत जोडी देतात. फोनपे चालतं, पण बोळात नेट जातं, रोख ठेवा.