शनिवार-रविवार डोंगरात: पायी, सायकलवर की स्कीवर?

मित्रांचा बेत ठरायला लागला की चर्चा ठिकाणापासून सुरू होते, हवामानावर येते आणि शेवटी ज्याचा आग्रह मोठा त्याचा छंद सगळ्यांच्या गळ्यात पडतो. मी हल्ली सुरुवात एका प्रश्नाने करतो. आपल्यातला सगळ्यात दमदार गडी आणि सगळ्यात मागे राहणारा, या दोघांत फरक किती? पायी चालताना हा फरक झाकला जातो, सायकलवर चढण लागली की उघडा पडतो. स्कीवर दमापेक्षा कसब आड येतं, त्यामुळे तिथला हिशोबच निराळा. दोन दिवस सोबत घालवायला निघालो असू, तर बाकी सगळं यामागून येतं.

हे मला एका खिंडीच्या माथ्यावर कळलं. आम्ही पाच जण होतो आणि सायकली होत्या. पहिला वर पोचल्यावर पस्तीस मिनिटांनी शेवटचा आला. तोवर बाकीच्यांचे घामाने भिजलेले शर्ट गार पडले होते, जाकिटं अंगावर चढली होती, खाणं उरकलं होतं. तो वळणावर दिसला तेव्हा दोघांनी हेल्मेटचे पट्टे लावायला घेतले. त्याने उभ्या उभ्या दोन घोट पाणी प्यायलं आणि आमच्याबरोबर उतारालाही लागला, कारण सगळ्यांनाच थंडी वाजत होती. दिवसभर हेच चाललं. ज्याला विश्रांतीची सगळ्यात जास्त गरज, त्यालाच ती सगळ्यात कमी मिळाली. तो काही बोलला नाही, पण पुढच्या वेळी आला नाही.

यात त्याची काहीच चूक नव्हती. सपाटीवर सायकलस्वार एकमेकांच्या आडोशाने जातात. पुढचा वारा कापतो, मागच्याला कमी जोर लागतो, म्हणून कमीजास्त ताकदीची माणसंही एकत्र राहतात. घाटात वेग इतका उतरतो की वाऱ्याचा आडोसा जवळपास निरुपयोगी होतो आणि उरतो तो वजन आणि ताकदीचा रोकडा हिशोब. 10 किलोमीटरचा, 8 टक्के चढाचा घाट म्हणजे 800 मीटरची उंची. शरीराच्या प्रत्येक किलोमागे 3 वॅट (वॅट हे ताकदीचं माप) देणारा ती साधारण तासाभरात चढतो. 2 वॅट देणाऱ्याला जवळपास अर्धा तास जास्त लागतो. त्याने कितीही मन लावून पायडल मारलं तरी हा अर्धा तास भरून निघत नाही.

गिअरचंही तेच. पुढच्या दातेरी चक्राला 34 दात आणि मागच्यालाही 34 दात म्हणजे पायडलची एक फेरी आणि चाकाची एक फेरी. पुष्कळांना हा गिअर अगदी हलका वाटतो. पण मिनिटाला 70 फेऱ्या मारल्या तर यात वेग होतो ताशी 9 किलोमीटरच्या आसपास, आणि 10 टक्के चढावर तेवढा वेग धरायला पुन्हा तीच किलोमागे तीन वॅटची ताकद लागते. ज्याच्याकडे ती नाही तो मिनिटाला 45-50 फेऱ्यांवर येतो, गुडघ्यांवर जोर देत राहतो आणि संध्याकाळी जिना उतरताना कण्हतो. म्हणून डोंगरात नवख्याला रेसिंगची सायकल देऊ नका. मागचं चक्र मोठं आणि पुढचं लहान असलेली माउंटन बाइक जड असली तरी त्याच्यासाठी चांगली. त्याहून चांगली बॅटरीवर मदत करणारी सायकल. ती घेण्यात काही कमीपणा आहे असं मला वाटत नाही. पाच जणांना एका वेगात आणणारं याहून सोपं साधन माझ्या पाहण्यात नाही. फक्त बॅटरी चढणीवर भराभर उतरते, तेव्हा पल्ला सपाटीवरच्या आकड्यांवरून ठरवू नये.

उताराकडे बहुतेक जण बक्षीस म्हणून पाहतात. माणूस आणि सायकल मिळून 85 किलो धरले, तर 800 मीटर उतरताना जी ऊर्जा सुटते तिच्यात दोन लीटर पाणी साध्या तापमानापासून उकळेपर्यंत तापेल. ती काही हवेत जाते, उरलेली ब्रेकमध्ये. सतत ब्रेक धरून उतरणाऱ्याचे ब्रेक तापून धार गमावतात. वळणाच्या आधी, सायकल सरळ असताना जोरात ब्रेक दाबावा, वेग कमी करावा आणि मग सोडून द्यावा, म्हणजे मधल्या वेळात ते निवतात. आणि माथ्यावर जाकीट घालूनच उतरा: 10 अंशांची हवा ताशी 40 किलोमीटरला 6 अंशांसारखी लागते, ओल्या शर्टात त्याहून बोचरी. बोटं बधिर झाली की ब्रेकचा अंदाज जातो.

सायकलची एक बाजू मात्र इतर दोघांकडे नाही. एका दिवसात एक अख्खी दरी ओलांडून दुसऱ्या दरीत उतरता येतं, आणि दुसऱ्या दिवशी पाय चालतात. उतरताना मांड्यांना वजन झेलावं लागत नाही, त्यामुळे अंग तितकं धरत नाही.

पायी उतरताना नेमकं तेच होतं. प्रत्येक पावलाला मांडीचा स्नायू ताणला जाताजाता वजन तोलतो, आणि अशा कामाने स्नायूत बारीक इजा होतात. वेदना त्याच दिवशी जाणवत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चढते. म्हणजे शनिवारी मोठा डोंगर केला तर रविवारी सकाळी पाय कबूल होत नाहीत. म्हणून मी मोठी चाल शनिवारी ठेवण्याऐवजी दोन्ही दिवस मध्यम ठेवतो, आणि उतारावर दोन काठ्या वापरतो. गुडघ्यांवरचा भार त्याने खरोखर हलका होतो. उतार सुरू होण्याआधी बसून बुटाच्या नाड्या घोट्याशी पुन्हा घट्ट बांधाव्यात. नाहीतर पाऊल पुढे सरकतं आणि अंगठ्याचं नख दर पावलाला बुटाच्या टोकावर आपटतं. ते नख काळं पडून गळायला महिने लागतात.

वेळेचा अंदाज पायी सगळ्यात सोपा. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी 1892 मध्ये मांडलेला आडाखा अजून वापरात आहे: सुमारे 5 किलोमीटरला एक तास, आणि प्रत्येक 600 मीटर चढाला आणखी एक तास. 12 किलोमीटर आणि 900 मीटर चढ म्हणजे चार तासांच्या आतबाहेर. हा हिशोब न थांबणाऱ्या सशक्त माणसाचा. मित्रांसोबत मी त्यात निम्मा वेळ आणखी धरतो. फोटो, खाणं, कुणाची नाडी सुटणं, आणि मधेच रंगलेल्या गप्पा. त्या गप्पाच तर हव्यात. चालताना दम इतपतच लागतो की बोलता येतं, आणि ज्याला बोलता येत नाही त्याचा वेग जास्त झाला हे लगेच कळतं. हळू चालणाऱ्याला दुसऱ्या क्रमांकावर ठेवा, म्हणजे पहिला त्याच्या पावलाने चालतो आणि मागचे आपोआप त्यात बसतात. शेवटी एक अनुभवी माणूस. चढणीवर ते खिंडीतलं अर्ध्या तासाचं अंतर मग पडतच नाही.

पायी जाण्यात परत फिरणंही स्वस्त असतं. निम्मा वेळ संपला, माथा दूर आहे, वळा. सामान थोडं, यंत्र कोणतं नाही. उन्हाळ्यात डोंगरात दुपारनंतर गडगडाट होतो, त्यामुळे पहाटे निघून दुपारपर्यंत उघड्या धारेवरून खाली यावं एवढं पथ्य. कंटाळा येऊ शकतो, हे मान्य. धाडसाची ओढ असलेल्याला चौथ्या तासाला वाटतं, यात काय आहे?

त्या मित्राला स्की सुचवा, पण बाकीच्यांना विचारून.

स्कीत लिफ्ट सगळ्यांना सारखीच वर नेते, दम कुणाचा किती हा प्रश्नच येत नाही. खुर्चीवर चार जण शेजारी बसून वर जातात, पाय हवेत लोंबतात, आणि दिवसातल्या सगळ्यात छान गप्पा तिथे होतात. मग वर उतरलं की गट फुटतो. ज्याला येतं तो दोन मिनिटांत खाली, ज्याला येत नाही तो पहिल्याच वळणावर बसलेला. सोबत राहायचं तर कसबी माणसाला सोप्या उतारावर दिवस काढावा लागतो, नाहीतर नवख्याला त्याच्या ताकदीबाहेरच्या उतारावर यावं लागतं. यातला दुसरा मार्ग हाडं मोडतो. म्हणून माझा ठाम आग्रह: मित्राने मित्राला स्की शिकवू नये. त्याला स्वतःला वर जायची घाई असते आणि कठीण उतार त्याला सोपा दिसतो. पहिले दोन दिवस प्रशिक्षकाकडे घालवा. म्हणजे नवख्यासाठी आख्खा शनिवार-रविवार शिकण्यातच जातो, हे आधीच मान्य करून निघा. सगळेच नवखे असाल तर त्यातही मजा आहे, सगळे एकाच वर्गात पडतात आणि एकमेकांना उठवतात.

बूट भाड्याने घेताना घाई करू नका. पायात पातळ मोजा घाला, एकच. आतल्या गरम पायजम्याची कड बुटात जाऊ देऊ नका, तासाभरात तिथे नडगी सोलवटते. सरळ उभं राहिल्यावर बोटं टोकाला जेमतेम लागावीत आणि गुडघे वाकवून नडगी पुढे टेकवली की मागे सरकावीत. पहिल्यांदा बूट पकडीसारखा आवळ वाटतो, तसाच तो असायला हवा. सैल बुटात पाय वळतो आणि स्की वळत नाही. बूट स्कीला धरून ठेवणारी बाइंडिंग पडल्यावर सुटावी लागते, आणि ती किती जोराला सुटावी हे वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि तुमचं कौशल्य यांवरून लावतात. तिथे फुशारकी मारून स्वतःला तरबेज सांगितलं की ती जास्त घट्ट लागते आणि पडताना सुटत नाही. नीट लावलेली बाइंडिंगही पाय मोडण्यापासून जितकी वाचवते तितकी गुडघ्याच्या अस्थिबंधांना वाचवत नाही. गुडघा आधीच दुखावलेला असेल तर हा छंद निवडताना डॉक्टरांना विचारा.

आंतरराष्ट्रीय स्की आणि स्नोबोर्ड महासंघाच्या आचारनियमांत एक नियम गटांनी पाठच करावा: मागून, म्हणजे वरून येणाऱ्याने पुढच्याला सांभाळून वाट निवडायची. आणि थांबायचं ते कडेला, जिथे वरून दिसतं तिथे. मित्रांची वाट पाहत उंचवट्याच्या आड उतारावर मधोमध घोळका करणं फार धोक्याचं. लिफ्टच्या खालच्या टोकाला भेटायचं ठरवा.

आखलेल्या वाटा सोडून मोकळ्या बर्फात जायचा मोह या बेतात आणू नका. हिमस्खलन बहुतेक 30 ते 45 अंशांच्या उतारावर होतं, म्हणजे स्कीला जिथे सगळ्यात मजा येते तिथेच. गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढला तर वाचण्याची शक्यता चांगली, नंतर ती झपाट्याने घसरते. बाहेरची मदत तेवढ्यात पोचत नाही, काढणारे तुम्हीच. प्रत्येकाच्या अंगावर गाडलेल्याची जागा दाखवणारं, 457 किलोहर्ट्झवर चालणारं शोधयंत्र, पाठीवर फावडं आणि बर्फात खुपसायची लांब काठी, आणि तिन्हींचा सराव, एवढं नसेल तर नाही.

उंचीचा त्रास तिन्ही प्रकारांना लागू. 2500 मीटरच्या वर झोपायचं असेल तर डोकेदुखी आणि मळमळ बहुधा पोचल्यानंतर सहा ते बारा तासांत, म्हणजे शनिवारच्या रात्री सुरू होते, आणि दोन दिवसांत शरीर रुळत नाही. वर फिरा, खाली झोपा. त्रास वाढला तर खाली उतरा, सकाळची वाट पाहू नका. बर्फावर काळा चष्मा हवाच: ताजा बर्फ 80 टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परतवतो आणि डोळ्यांची आग काही तासांनी सुरू होते.

तेव्हा गट पहिल्यांदाच एकत्र येत असेल, वयं आणि तब्येती निरनिराळ्या असतील, तर पायी जा. सगळे नियमित सायकल चालवत असतील आणि घाटात एकमेकांपासून दहा मिनिटांच्या आत राहत असतील, तर सायकली काढा, आणि माथ्यावर घड्याळ शेवटचा माणूस पोचल्यापासून सुरू करा. त्याने पूर्ण पंधरा मिनिटं बसायचं, खायचं, आणि निघूया असं म्हणायचं तेही त्यानेच. स्कीसाठी दोनऐवजी तीन-चार दिवस मिळवता आले तर थांबा आणि तेव्हाच जा. दोनच दिवस असतील, काही तरबेज आणि काही कोरे असतील, तर सकाळी आपापल्या उतारावर, दुपारी जेवायला ठरल्या वेळी एकत्र, आणि शेवटची फेरी सगळ्यांनी सोप्या वाटेवर. पाय थकायच्या आत ती उरका, कारण परतीची गाडीही तुमच्यातल्याच कुणालातरी चालवायची असते. कुणी चालवायची ते शनिवारी सकाळीच ठरवा, आणि रविवारी त्याला सगळ्यांच्या आधी थांबू द्या.