अ‍ॅन फ्रँक हाऊसची व्हर्च्युअल टूर: जिना न चढता वरचा मजला

व्हर्च्युअल टूर म्हटलं की माझ्या कपाळाला आधी आठ्याच पडतात, कारण बहुतेक ठिकाणी खोलीच्या मधोमध कॅमेरा ठेवून काढलेले चार गोल फिरणारे फोटो असतात, त्यावर बाण टाकले की झाली टूर. अ‍ॅमस्टरडॅमच्या अ‍ॅन फ्रँक हाऊसची मात्र खरंच आवडली, आईला गुडघ्यांमुळे जिने जमत नाहीत म्हणून मुद्दाम तिच्यासोबत बसून बघितली.

तिथल्या म्युझियमच्या नव्या भागात व्हीलचेअर जाते, पण जे बघायला माणूस जातो ते मागचं घर, जिथे दुसऱ्या महायुद्धात डायरी लिहिणारी ज्यू मुलगी अ‍ॅन फ्रँक, तिच्या घरचे आणि आणखी काहीजण अशी आठ माणसं नाझींपासून लपून राहिली आणि ऑगस्ट 1944 मध्ये पकडली गेली, तिथले जिने अगदी शिडीसारखे उभे. मग लिफ्ट बसवा ना, असं आपण सहज बोलून जातो पण जुन्या घरात लिफ्ट घालायची तर भिंती फोडाव्या लागणार आणि इथे भिंतच तर बघायची असते! अ‍ॅनने चिकटवलेली फिल्मस्टारांची चित्रं तिच्या खोलीच्या भिंतीवर अजून आहेत, अ‍ॅन आणि तिच्या बहिणीची उंची मोजलेल्या पेन्सिलच्या खुणा पण आहेत.

2018 मध्ये आलेली व्हीआर टूर (म्हणजे डोळ्यांवर हेडसेट लावून बघायची व्हर्च्युअल टूर) फुकट आहे, साधारण 25 मिनिटांची. मराठी अर्थातच नाही, त्यामुळे आईला मधूनमधून सांगत बसावं लागलं. मागच्या घराचं दार लपवणाऱ्या पुस्तकांच्या कपाटामागून आत गेलो, पुढे अ‍ॅनची अरुंद खोली आली तेव्हा आई म्हणाली, "अगं, यात दोघं झोपायची?" हो, ती आणि एक मोठा माणूस, दंतवैद्य, मध्ये जेमतेम जागा. आता हे मी तिला कितीही वर्णन करून सांगितलं असतं तरी कळलं नसतं.

एका गोष्टीवर लोक वाद घालतील. खऱ्या घरात खोल्या रिकाम्या आहेत. अटकेनंतर सामान उचलून नेलं गेलं आणि आठ जणांपैकी एकटे वाचलेले अ‍ॅनचे वडील ऑटो फ्रँक यांनी त्या तशाच रिकाम्या ठेवायला सांगितल्या. व्हीआरमध्ये मात्र खाटा, टेबलं, भांडी सगळं परत मांडलंय. मग हे त्यांच्या इच्छेविरुद्ध झालं का? मला नाही वाटत. तिथे स्वतः उभं राहिलं की रिकामेपणा अंगावर येत असेल, स्क्रीनवर रिकामी खोली म्हणजे नुसती रिकामी खोली, काही वाटतच नाही. आणि खऱ्या जागेला तर कोणी हात लावलेला नाही.

याच्या उलट अनुभव दुसऱ्या एका जुन्या घराच्या टूरचा आला, नाव नाही घेत. माहितीचे फलक फोटोतच छापलेले, म्हणजे दृष्टिहीन माणसाचा स्क्रीन रीडर ते वाचणार कसा? आवाज आहे तर सबटायटल नाहीत. माऊस दाबून ओढल्याशिवाय पुढे सरकत नाही, हात थरथरणाऱ्याने काय करायचं. आणि कहर म्हणजे टूर फक्त तळमजल्याची, वरच्या मजल्यासाठी "प्रत्यक्ष भेट द्या"! अहो, ज्याला वर चढता येत नाही त्याच्यासाठीच ना ही टूर? तळमजला तो तसाही बघून आला असता.

व्हीआर बघायची असेल तर खुर्चीत बसून बघा, उभ्याने काहींना गरगरतं, वयस्कर माणसाला तर अजिबात उभं करू नका. हेडसेट नसेल तर त्यांच्या वेबसाइटवरही हेच मागचं घर सामानासकट खोली-खोली फिरून बघता येतं, फक्त मोबाईलवर नको, लॅपटॉप तरी घ्या.